यंत्राने वाचलेला तक्ता

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

ग्रंथालयातून एखादे पुस्तक वाचकाच्या हाती जाते तेव्हा त्या घटनेची एक ओळ कुठेतरी लिहिली जाते : सभासद क्रमांक अमुक, दाखल क्रमांक अमुक, परत करण्याची तारीख अमुक. पुस्तक नेणाऱ्याचे तिकडे लक्षही नसते. परंतु सहा महिन्यांनी त्या पुस्तकाचे काय झाले असा प्रश्न निघाला, तर उत्तर त्या ओळीवरूनच ठरते. पुस्तक कोणी नेले, परत केले की नाही, दंड कोणाकडून घ्यायचा, ह्या सर्वांचा निवाडा ती एक ओळ करते.

ही ओळ पूर्वी जाड नोंदवहीत असे, आता ती संगणकात असते. संगणकात साठवलेली ओळ आणि देवघेवीच्या खिडकीवर चालणारा प्रोग्राम ह्यांच्यामध्ये एक दुभाष्या बसलेला असतो. हा दुभाष्या यंत्राकडूनच कसा तयार करून घेतात आणि त्याला कोठवर समजते, हे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विषय संगणकशास्त्राचा असला तरी कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी त्याकडे पाठ फिरवू नये, असे मला वाटते. कारण त्यातला खरा अवघड भाग गणिताचा नसून शब्द आणि अर्थ ह्यांचा आहे. कमवा व शिका योजनेखाली मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात देवघेवीच्या खिडकीवर काम करते. तेथील संगणकावर ‘कोहा’ नावाची प्रणाली चालते. तिचा मूळ मजकूर जगात कोणालाही उघडून पाहता येतो, म्हणून मी तो वाचू लागले. पुढील बहुतेक उदाहरणे तिच्यातलीच आहेत.

तक्ता आणि त्याचा आराखडा

संगणकात माहिती साठवण्याचे अनेक मार्ग आहेत. त्यांपैकी सर्वांत रुळलेला मार्ग म्हणजे तक्त्यांचा. इंग्लंडमध्ये जन्मलेले एडगर कॉड हे आयबीएम कंपनीच्या कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करीत. १९७० साली त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. तोपर्यंत माहिती शोधणाऱ्या प्रोग्रामला ती कोठे आणि कोणत्या वाटेने ठेवली आहे हे ठाऊक असावे लागे. वाट बदलली की प्रोग्राम अडला. कॉड ह्यांनी सुचवले की माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी, आणि दोन तक्त्यांचा संबंध वाटेने न जोडता त्यांतल्या समान मूल्यांनी जोडावा. ह्या कल्पनेवर पुढे सारे जग चालू लागले आणि १९८१ साली कॉड ह्यांना संगणकशास्त्रातला ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

कोहामध्ये असे दोनशेहून अधिक तक्ते आहेत. आपल्याला येथे तीनच पुरेत. ‘बॉरोअर्स’ हा सभासदांचा तक्ता, ‘आयटेम्स’ हा पुस्तकांच्या प्रतींचा, आणि ‘इश्यूज’ हा दिलेल्या पुस्तकांचा. प्रत्येक सभासदाला एक क्रमांक असतो, प्रत्येक प्रतीला एक क्रमांक असतो. पुस्तक दिले की ‘इश्यूज’मध्ये एक ओळ वाढते. तीत सभासदाचे नाव नसते, पुस्तकाचेही नसते. मुख्यतः दोघांचे क्रमांक आणि तारखा असतात. नाव हवे असेल तर तो क्रमांक घेऊन ‘बॉरोअर्स’कडे जायचे.

नाव न ठेवता क्रमांक का ठेवतात, हे आपल्याकडच्या स्त्रियांना फोड करून सांगणे न लगे. माझ्या आईचे नाव शाळेच्या दाखल्यावर माहेरचे आहे, रेशनकार्डावर सासरचे आहे, आणि बँकेच्या पासबुकावर अर्धे हे व अर्धे ते असे आहे. नावावरून माणूस ओळखायचे ठरवले तर तक्त्याला त्या तीन बाया वाटतील. म्हणून ज्या रकान्यातले मूल्य कधी बदलत नाही आणि दुसऱ्या कोणाचे असत नाही, असा एक रकाना ओळखीसाठी राखून ठेवतात. त्याला ‘प्रायमरी की’ म्हणतात. एका तक्त्याची ही ओळख दुसऱ्या तक्त्यात जाऊन बसली, की तिथे ती ‘फॉरेन की’ होते. ‘इश्यूज’मधला सभासद क्रमांक अशी फॉरेन की आहे.

आता कोणत्या तक्त्यात कोणते रकाने असावेत, कोणत्या रकान्यात अंक चालेल व कोणत्यात अक्षरे, कोणता रकाना रिकामा ठेवता येईल, कोणता कोणाकडे बोट दाखवतो, हे सारे आधी एका फाईलमध्ये लिहून ठेवतात. तिलाच स्कीमा, म्हणजे आराखडा म्हणतात. नोंदवही छापण्यापूर्वी छापखान्याला रकाने आखून नमुना देतात, तसाच हा नमुना. त्यात एकाही वाचकाचे नाव नसते, पण कोणत्या प्रकारचा वाचक त्या वहीत मावेल हे त्यातच ठरलेले असते.

वस्तू आणि क्लास

प्रोग्राम लिहिणाऱ्यांची विचार करण्याची पद्धत मात्र तक्त्यांची राहिली नाही. नॉर्वेची राजधानी ऑस्लो येथे ओले-योहान डाल आणि क्रिस्तेन न्यूगोर ह्या दोघांनी १९६०च्या दशकात ‘सिम्युला’ ही भाषा तयार केली. रांगा, वाहतूक, कारखान्यातली कामे अशा गोष्टींची नक्कल संगणकावर करून पाहणे हा त्यांचा उद्देश होता. त्यासाठी त्यांनी प्रोग्राममध्येच ‘वस्तू’ कल्पिल्या. वस्तूला स्वतःची माहिती असते, आणि काही कामे ती स्वतः करते. एका जातीच्या सर्व वस्तूंचे जे सामाईक वर्णन, त्याला ‘क्लास’ म्हणतात. हा क्लास आपला अकरा ते पाचचा नव्हे. ‘वाचक’ हा क्लास, आणि मी, तुम्ही, ग्रंथपालांसमोर उभी असलेली ती मुलगी, ह्या त्या क्लासच्या वस्तू.

आता अडचण पाहा. वस्तूंच्या जगात मी वाचकालाच विचारते, ‘तुझ्याकडे कोणती पुस्तके आहेत?’ आणि तो यादी देतो. तक्त्यांच्या जगात वाचकाच्या ओळीत पुस्तकांची यादी नसतेच. तिथे ‘इश्यूज’ धुंडाळून ह्या सभासद क्रमांकाच्या ओळी वेचाव्या लागतात, त्यांतले प्रतींचे क्रमांक घेऊन ‘आयटेम्स’कडे जावे लागते, आणि पुस्तकाचे शीर्षक हवे तर तेथून आणखी पुढच्या तक्त्याकडे. दोन्हींत माहिती तीच असते, परंतु प्रश्न विचारण्याची दिशा निराळी पडते.

ह्या दोहोंमध्ये जो दुभाष्या बसतो त्याला ‘ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंग’ असे लांबलचक नाव आहे. साध्या शब्दांत, वस्तू आणि तक्ता ह्यांची जुळणी. त्याची रीत अशी, की प्रत्येक तक्त्यासाठी एक क्लास लिहायचा. तक्त्याचा रकाना तो वस्तूचा गुण, तक्त्याची ओळ ती एक वस्तू, आणि फॉरेन की म्हणजे एका वस्तूपासून दुसरीकडे जाण्याचा दरवाजा. एकदा हे क्लास लिहिले, की प्रोग्रामरने वस्तूंच्या भाषेत बोलावे, तक्त्यांच्या भाषेतले प्रश्न दुभाष्याने तयार करावेत.

पण हे क्लास लिहिणार कोण? तक्ते दोनशे, रकाने त्याहून कितीतरी पट. हाताने लिहायचे म्हणजे आराखड्यात एकदा लिहिलेली गोष्ट पुन्हा दुसऱ्या भाषेत उतरवून काढणे. उतरवताना चुका होतात. शिवाय आज उतरवले, उद्या आराखड्यात एक रकाना वाढला, तर दोन्हींत फरक पडला. म्हणून दोन वाटा निघाल्या. एका वाटेत क्लास आधी लिहितात आणि त्यांवरून तक्ते तयार करून घेतात. दुसऱ्या वाटेत तक्ते आधीच असतात, आणि त्यांच्यावरून क्लास यंत्राकडून लिहून घेतात. नवे काम असेल तर पहिली वाट सोपी. परंतु जिथे जुनी नोंदणी आहे, वर्षानुवर्षांची माहिती साठलेली आहे, तिथे दुसरीच वाट धरावी लागते. कोहा ह्या दुसऱ्या वाटेने जाते.

आयात कशी होते?

कोहाचा जन्म न्यूझीलंडमधला. होरोव्हेनुआ नावाच्या भागातील ग्रंथालयांची जुनी संगणक प्रणाली २००० साल उजाडल्यावर टिकणार नाही अशी धास्ती होती. म्हणून १९९९ साली त्यांनी काटिपो नावाच्या एका कंपनीकडून नवी प्रणाली लिहून घेतली, जानेवारी २०००पासून ती वापरात आणली आणि सर्वांना मोफत खुली केली. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट. आज ही भेट भारतातल्या अनेक महाविद्यालयांच्या ग्रंथालयांपर्यंत पोचली आहे.

कोहा ‘पर्ल’ ह्या भाषेत लिहिलेली आहे. तिच्या सर्व तक्त्यांचा आराखडा एका फाईलमध्ये आहे. त्या फाईलमध्ये एकामागून एक आज्ञा आहेत : असा तक्ता कर, त्यात अमुक रकाने ठेव. आयातीची पहिली पायरी म्हणजे ही फाईल एका रिकाम्या डेटाबेसमध्ये चालवणे. ती चालली की सारे तक्ते उभे राहतात, पण आत एकही ओळ नसते. नव्या, कोऱ्या वह्यांचा गठ्ठाच म्हणा.

दुसऱ्या पायरीला एक वेगळा प्रोग्राम येतो. त्याला ‘स्कीमा लोडर’ म्हणतात. तो डेटाबेसशी जोडला जातो आणि विचारत सुटतो : तुझ्याकडे कोणते तक्ते आहेत? ह्या तक्त्यात कोणते रकाने? हा रकाना कोणत्या प्रकारचा? रिकामा चालतो का? काही आपोआप भरले जाते का? ओळखीचा रकाना कोणता? कोण कोणाकडे बोट दाखवतो? डेटाबेसला ह्या प्रश्नांची उत्तरे देता येतात, कारण तो स्वतःचीही माहिती ठेवतो. चांगल्या डेटाबेसने आपले वर्णनही तक्त्यांतच ठेवावे आणि ते इतर माहितीप्रमाणेच विचारता यावे, हे कॉड ह्यांनी १९८५ साली मांडलेल्या बारा नियमांपैकी एक आहे. ग्रंथालयाच्या भाषेत सांगायचे तर ही तालिकेची तालिका होय.

तिसऱ्या पायरीला लोडर लिहू लागतो. प्रत्येक तक्त्यामागे एक फाईल, प्रत्येक फाईलमध्ये एक क्लास. ‘इश्यूज’ ह्या तक्त्याचा क्लास ‘इश्यू’ होतो, ‘बॉरोअर्स’चा ‘बॉरोअर’, ‘ब्रँचेस’चा ‘ब्रँच’. तक्ता अनेकांचा असतो म्हणून अनेकवचनी, वस्तू एक असते म्हणून एकवचनी. येथे व्याकरणाच्या विद्यार्थ्यांनी थोडे थांबावे. हे एकवचन-अनेकवचन लोडर इंग्रजीच्या नियमांनी करतो. आपण हौसेने एखाद्या तक्त्याला ‘वाचक’ असे रोमन लिपीत नाव दिले, तर पुढे अनेक वाचकांसाठी तो ‘वाचक्स’ असा शब्द घडवील! यंत्राची गणना अचूक असते, पण व्याकरण मात्र त्याला शिकवलेल्या एकाच भाषेचे.

चौथी पायरी संबंधांची. ‘इश्यूज’मधला सभासद क्रमांक ‘बॉरोअर्स’कडे बोट दाखवतो, हे लोडरला कळते. म्हणून ‘इश्यू’ क्लासमध्ये तो सभासदाकडे जाणारा एक दरवाजा लिहितो, आणि ‘बॉरोअर’ क्लासमध्ये उलट बाजूने सर्व घेतलेल्या पुस्तकांकडे जाणारा दरवाजा लिहितो. आराखड्यात एका बाजूनेच लिहिलेल्या संबंधाचे दोन दरवाजे होतात. वाचकाला ‘तुझ्याकडे कोणती पुस्तके?’ असे विचारता येते ते ह्या दुसऱ्या दरवाजामुळे.

आराखड्यात संबंधाबरोबर वर्तनही लिहिलेले असते. पुस्तक बाहेर असलेल्या सभासदाची नोंद पुसू पाहिली तर डेटाबेस नकार देतो. परत आलेल्या पुस्तकांच्या ओळी मात्र ‘ओल्ड इश्यूज’ ह्या दुसऱ्या तक्त्यात गेलेल्या असतात. तिथे सभासदाची नोंद पुसली तर ओळ राहते, फक्त तिच्यातला सभासद क्रमांक रिकामा होतो. पुस्तक किती वेळा बाहेर गेले हे कळते, कोणी नेले हे कळत नाही. असा बारीक विचार कोणीतरी एकदा करून आराखड्यात लिहिला, म्हणून तो यंत्रालाही वाचता आला.

रेषा आणि मोहोर

लोडरने लिहिलेल्या प्रत्येक फाईलमध्ये एक रेषा असते. तीवर इंग्रजीत ताकीद असते की ही ओळ आणि हिच्या वरचे काहीही बदलू नका. त्याच ओळीत आकडे आणि अक्षरे ह्यांची एक लांब मालिका असते. ही मालिका वरच्या मजकुरावरून काढलेली असते. वरचे एक अक्षर जरी कोणी बदलले तरी मालिका जुळत नाही, आणि पुढच्या वेळी लोडर काम थांबवून तक्रार करतो. जुन्या काळी लखोट्यावर लाखेची मोहोर असे, तसेच हे.

रेषेच्या खालचा भाग माणसांसाठी राखलेला असतो. तिथे आपण जे लिहू ते लोडर जपून ठेवतो. आराखडा बदलला, क्लास पुन्हा तयार केले, तरी वरचा भाग नवा होतो आणि खालचा तसाच राहतो. ह्या व्यवस्थेमागे एक समंजस कबुली आहे. ती अशी, की जे आराखड्यावरून कळते ते यंत्राने लिहावे, आणि जे त्यावरून कळत नाही ते माणसाने लिहावे.

ही कबुली एकट्या कोहाचीच नाही. पायथन भाषेतल्या ‘जँगो’ नावाच्या साधनातही जुन्या डेटाबेसवरून क्लास लिहून देणारी एक आज्ञा आहे. ती जी फाईल लिहून देते तिच्या आरंभीच माणसाने करावयाच्या कामांची यादी असते : क्लासचा क्रम लावा, प्रत्येकाला ओळखीचा रकाना आहे ना ते पाहा, एक नोंद पुसली तर तिच्यावर विसंबलेल्या नोंदींचे काय करायचे ते ठरवा. माझ्यापुढचे काम तुमचे, असे ते साधनच सांगते.

यंत्राला काय दिसत नाही?

रेषेखाली नेमके काय लिहावे लागते, हे पाहिले की यंत्राची मर्यादा स्पष्ट होते. एकच उदाहरण विस्ताराने घेऊ.

कोहा ज्या ‘मायएसक्यूएल’ जातीच्या डेटाबेसवर चालते, त्यात ‘होय किंवा नाही’ असा स्वतंत्र प्रकार नाही. तसा रकाना मागितला तर तो लहान अंकाचा रकाना देतो. शून्य म्हणजे नाही, एक म्हणजे होय, हे आपण मनाशी समजायचे. ‘बॉरोअर्स’ तक्त्यात ‘लॉस्ट’ नावाचा असा रकाना आहे. सभासदाचे कार्ड हरवले आहे का, एवढेच तो सांगतो. ‘आयटेम्स’ तक्त्यात ‘आयटेम-लॉस्ट’ नावाचा रकाना आहे. तोही लहान अंकाचाच. आराखड्यात दोघांचा प्रकार एकच लिहिलेला आहे. नावेही भावंडांसारखी आहेत.

पण दुसऱ्या रकान्यातला अंक ‘होय-नाही’ सांगत नाही. तो हरवण्याचा प्रकार सांगतो. कोहाबरोबर येणाऱ्या नमुन्याच्या यादीत एक म्हणजे हरवले, दोन म्हणजे मुदत फार उलटून गेल्याने हरवले असे धरले, तीन म्हणजे हरवले पण किंमत भरली, आणि चार म्हणजे जागेवर सापडत नाही. लोडरला दोन्ही रकाने सारखेच दिसतात, म्हणून तो दोन्ही सारखेच उतरवतो. कोहाच्या कर्त्यांनी ‘बॉरोअर’ क्लासमध्ये रेषेच्या खाली हाताने लिहून ठेवले आहे, की ‘लॉस्ट’ हा रकाना होय-नाहीचा समजावा. ‘आयटेम-लॉस्ट’विषयी तसे लिहून चालणार नाही, हे जाणणाराही माणूसच लागतो.

हा भेद कोणी ध्यानात घेतला नाही तर काय होईल? समजा, एखाद्या ठिकाणी कोणी नवा अहवाल तयार केला आणि ‘आयटेम-लॉस्ट’ शून्य नसलेली सारी पुस्तके ‘हरवलेली’ म्हणून छापली. ज्या विद्यार्थिनीने पुस्तक हरवल्यावर पदरचे पैसे भरले, आणि ज्याने भरले नाहीत, ते दोघे एकाच यादीत येतील. जे पुस्तक कोणीच हरवलेले नाही, चुकीच्या कपाटात गेले आहे, तेही शेवटच्या वाचकाच्या नावामागे लागेल. वर्षअखेरीला ग्रंथालयाकडून ‘नो ड्यूज’ मिळवल्याशिवाय पुढची कागदपत्रे हलत नाहीत, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. ज्याच्या घरून पुस्तकाची किंमत दुसऱ्यांदा येणे शक्य नाही, त्याच्या दृष्टीने तीन आणि चार ह्या अंकांतला फरक फार मोठा आहे. शिवाय संगणकाने छापलेल्या यादीशी वाद घालण्याचे धैर्य थोड्यांनाच असते.

दुसरी मर्यादा संबंधांची. दोन तक्त्यांत समान क्रमांक असतात, पण फॉरेन की लिहायची राहून गेलेली असते, असे जुन्या डेटाबेसांत वारंवार आढळते. त्या कचेरीत बसणाऱ्या प्रत्येकाला तो संबंध तोंडपाठ असतो. लोडर मात्र तोंडपाठ गोष्टी ऐकत नाही. लिहिलेले नाही म्हणजे नाही. दरवाजा तयार होत नाही, आणि तो मग हाताने पाडावा लागतो.

आपली नावे आणि परके रकाने

तिसरी मर्यादा आपल्याला अधिक जवळची आहे. लोडर आराखड्यातल्या गृहीतांची शहानिशा करीत नाही, ती जशीच्या तशी क्लासमध्ये आणतो. कोहाच्या सभासद तक्त्यात आरंभापासून आडनाव आणि पहिले नाव असे रकाने होते. मधल्या नावाचा स्वतंत्र रकाना अगदी अलीकडच्या आवृत्त्यांत आला. ज्या देशात हा नमुना आखला गेला तिथे मधल्या नावावाचून अडत नसेल. आपल्याकडे एकाच वर्गात एकाच नावा-आडनावाचे दोघे असणे नवलाचे नाही, आणि त्यांना वेगळे करते ते मधले नावच.

लांबीचेही असेच. रकान्याची लांबी पन्नास असे आराखड्यात लिहिलेले असते आणि क्लासमध्ये तेच पन्नास येते. पण पन्नास काय? ‘ज्ञानेश्वर’ हे नाव आपल्या हिशेबी चार अक्षरांचे आहे. संगणकाच्या युनिकोड पद्धतीत ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र अशी त्याची दहा चिन्हे होतात. आणि रुळलेल्या ‘यूटीएफ-आठ’ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणून साठवताना तीस बाइट लागतात. मायएसक्यूएल लांबी चिन्हांत मोजते. ऑरॅकलच्या नेहमीच्या अक्षर-रकान्यात, वेगळे काही सांगितले नाही तर, लांबी बाइटमध्ये मोजतात. म्हणजे पन्नासच्या त्या रकान्यात रोमन लिपीतली पन्नास अक्षरे मावतील, देवनागरीची मात्र सोळाच चिन्हे. आकडा तोच, पण एका लिपीचा माणूस आत मावला आणि दुसऱ्या लिपीचा बाहेर राहिला.

महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये ठरवले, की १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांचे नाव शासकीय कागदपत्रांवर बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा क्रमाने लिहावे. निर्णय स्वागतार्ह आहे. संगणकाच्या बाजूने पाहिले तर तो आराखड्यातला बदल आहे. समजा, एखाद्या शाळेचे जनरल रजिस्टर डेटाबेसमध्ये आहे. आईच्या नावाचा रकाना वाढवायचा आणि क्लास पुन्हा तयार करून घ्यायचे, हे काम यंत्र चुटकीसरशी करील. पण रेषेखाली कोणीतरी पूर्वी लिहून ठेवलेले असते, की पूर्ण नाव म्हणजे पहिले, वडिलांचे आणि आडनाव. ती ओळ लोडर जपून ठेवील, कारण जपणे हेच त्याचे काम. रकाना तयार होईल, त्यात आईचे नाव भरलेही जाईल, आणि दाखल्यावर ते छापले मात्र जाणार नाही. खालची ओळ बदलण्यासाठी निर्णय समजलेला माणूसच हवा.

आणि जुन्या विद्यार्थ्यांचे काय? त्यांच्या ओळीत तो रकाना रिकामा राहील. रिकामा म्हणजे नेमके काय? आईचे नाव विचारलेच नव्हते, की विचारले पण कळले नाही, की त्या मुलाच्या बाबतीत तो प्रश्नच लागू नाही? कॉड ह्यांनी १९९० सालच्या आपल्या ग्रंथात रिकामेपणाचे दोन प्रकार वेगळे मानावेत असे सुचवले होते : एक, मूल्य आहे पण ठाऊक नाही, दुसरा, मूल्य लागूच नाही. नित्याच्या वापरातल्या डेटाबेसांनी ही सूचना उचलली नाही. त्यांच्यापाशी रिकामेपणाची खूण एकच आहे. वडिलांचे नाव न लावणारा मुलगा आणि ज्याच्या वडिलांचे नाव कारकुनाने भरले नाही तो मुलगा, दोघांच्या ओळी सारख्याच दिसतात. आणि रकाना रिकामा चालणार नाही असे आराखड्यात लिहिले असेल, तर त्यांपैकी पहिल्याला काहीतरी खोटे भरल्यावाचून पुढे जाता येत नाही. एका अर्जात आडनाव सक्तीचे होते आणि गावातल्या एका म्हाताऱ्या बाईंना ते कधी लागलेलेच नव्हते. शेवटी त्या रकान्यात मी एक टिंब टाकले, तेव्हा अर्ज पुढे सरकला. आता त्या डेटाबेसमध्ये बाईंचे आडनाव ‘टिंब’ आहे, आणि त्यावरून तयार झालेला प्रत्येक क्लास ते आडनाव म्हणूनच मानील.

टिपा कोठे लिहाव्यात?

मग ह्यावर उपाय काय? एक लहानसा उपाय कोहाच्याच आराखड्यात सापडतो. जुन्या आवृत्त्यांत रकान्यांचे अर्थ समजावणाऱ्या टिपा फाईलमध्ये होत्या, पण त्या दोन आडव्या रेघांनंतर लिहिलेल्या होत्या. अशा टिपा फक्त फाईल वाचणाऱ्या माणसासाठी असतात. आयात करताना डेटाबेस त्या टाकून देतो, त्यामुळे लोडरपर्यंत त्या पोचतच नसत. पुढे त्याच टिपा डेटाबेस ज्याला टिप्पणी म्हणून ओळखतो अशा रीतीने लिहिल्या गेल्या. तेव्हा त्या तक्त्यात टिकल्या, लोडरला दिसल्या, आणि त्याने लिहिलेल्या क्लासच्या माहितीतही उतरल्या. शब्द तेच होते. जागा बदलली म्हणून ते पुढच्या वाचकापर्यंत पोचले.

ह्यात आपल्यासारख्यांना करण्याजोगे काम आहे असे मला वाटते. महाविद्यालयात, ग्रामपंचायतीत, सोसायटीत, जिथे म्हणून नोंदवह्या संगणकावर चढत आहेत, तिथे रकाने आखणारा बहुधा बाहेरचा असतो आणि रकान्यांचा अर्थ जाणणारा आतला. आखणाऱ्याने विचारावे आणि जाणणाऱ्याने सांगावे, एवढे जरी झाले तरी पुष्कळ. ‘हा अंक काय सांगतो? हा रकाना रिकामा राहिला तर त्याचा अर्थ कोणता? आडनाव नसेल तर?’ हे प्रश्न विचारायला पर्ल किंवा पायथन यावे लागत नाही. नीट मराठी येणे आणि ज्यांच्या नोंदी होत आहेत ती माणसे माहीत असणे पुरते. उत्तर मिळाले, की ते कोणाच्या डोक्यात किंवा सुट्या कागदावर न ठेवता त्या रकान्याच्या टिप्पणीतच लिहून घ्यावे, म्हणजे आयातीच्या वेळी ते गळणार नाही.